चढावरची वीत

"मास्तर, तिसरं पेडल बसवायला विसरले की काय?"

नव्या ट्रकच्या केबिनमध्ये वाकून बघणाऱ्या शिकाऊ ड्रायव्हरांत हशा पिकला. मास्तरही हसला. एकोणतीस वर्षं तो या यार्डात अवजड गाड्या चालवायला शिकवत होता. पहिल्या दिवशीचे विनोद त्याला तोंडपाठ होते.

"क्लच आहे की! आत आहे. प्लेट तीच, गिअरची चक्रं तीच. तुमचा डावा पाय आणि हात जे करायचे, ते आता दाबाची हवा करते. कधी करायचं, ते एक छोटा संगणक ठरवतो. माल किती, चढ किती, इंजिन किती फिरतंय, तुम्ही अ‍ॅक्सिलेटर किती दाबलाय, एवढं बघून तो गिअर टाकतो."

"आणि चढावर थांबलो तर?"

"ब्रेकवरचा पाय उचलला तरी दोनेक सेकंद गाडी ब्रेक धरून ठेवते. तेवढ्यात क्लच लागतो. वीतभरसुद्धा मागे येत नाही."

बोलून गेला आणि मास्तर अडखळला. नजर आपसूक फाटकाकडे वळली. तिथे त्याचा धाकटा भाऊ आडवा दांडा उचलून एका गाडीला वाट देत होता.

धाकट्याचा डावा घोटा लहानपणी मोडला आणि वाकडा बसला. तरी गाड्यांचं वेड असं, की नुसत्या आवाजावरून तो गिअर ओळखायचा. मास्तरच्याच हाताखाली तो शिकला. शेवटच्या चाचणीत, याच यार्डातल्या चढावर, भरलेल्या ट्रकचा जड क्लच सोडताना त्याचा पाय थरथरला आणि गाडी वीतभर मागे आली. मास्तरनं कागदावर 'नापास' लिहिलं. सख्खा भाऊ म्हणून सांभाळून घेतलं, असं कुणी बोट दाखवायला नको. म्हणून तो त्या दिवशी जरा जास्तच काटेकोर झाला होता. धाकट्यानं पुन्हा नाव दिलं नाही. पुढे फाटकावर जागा निघाली. तीही मास्तरनंच मिळवून दिली आणि भावासाठी केवढं केलं, असं चारचौघांत कौतुकही करून घेतलं. त्याला आता बावीस वर्षं झाली.

दुपारी शिकाऊ मंडळी जेवायला गेली, तसा मास्तर फाटकाशी आला.

"चल, एक चक्कर मारू."

"कसली?"

"नव्या गाडीची. डाव्या पायाला कामच नाही तिच्यात."

"दादा, पन्नाशी उलटली माझी. आता कोण घेणार मला?"

"घेण्याचं राहू दे. यार्डातल्या यार्डात तर फिरायचंय."

फाटक जोडीदाराच्या हवाली करून धाकटा केबिनमध्ये चढला. सीट पुढे घेतली, आरसे जुळवले, काही न विचारता गाडी काढली. चारही वळणं त्यानं लोण्यातून सुरी फिरावी तशी घेतली. चढाच्या मधोमध येऊन थांबला. ब्रेक सोडला. ट्रक जागचा हलला नाही, मग सावकाश पुढे सरकला.

"रिकामी आहे म्हणून तिसऱ्यात निघाली," वर पोचल्यावर धाकटा म्हणाला. "हुशार आहे."

मास्तरनं बाजूच्या आरशात मागचा चढ पाहिला. "त्या दिवशी तुझ्यानंतर जो चाचणीला बसला ना, त्याची गाडी हातभर मागे आली होती. त्याला मी पास केलं."

"माहीत आहे. मी कडेलाच उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? माझीही आली होतीच की मागे." धाकट्यानं हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. "त्याचं नाही लागलं मला. तू घरी जाऊन आईला काय सांगितलंस, आठवतंय?"

मास्तरला आठवेना.

"म्हणालास, पायच तसा, त्याला तो तरी काय करणार. हात अजून बसला नाही म्हणाला असतास, तर सहा महिन्यांनी पुन्हा बसलो असतो रे. पण तेव्हापासून घरातलं माणूस न् माणूस आधी माझ्या पायाकडे बघायला लागलं. आई शेवटपर्यंत बघायची. सोयरीक आली तेव्हा तूसुद्धा पाव्हण्यांना आधी पायाचंच सांगितलंस."

आवाजात राग नव्हता.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाला.

"असू दे आता." धाकट्यानं इंजिन बंद केलं. मास्तर वळसा घालून हात द्यायला आला, तोवर तो दांडी धरून खाली उतरलाही होता. "फाटकावर गाड्या तुंबल्यात," म्हणून चालायला लागला.

मास्तर चढावर उभा राहून बघत राहिला. रुंद खांदे, ताठ पाठ, मागून थेट वडिलांसारखे विरळ झालेले केस. ठरवून तो तेवढंच बघत होता. चार-पाच पावलं जमलं. मग नजर खाली, पायाकडे गेली.