एक्क्याण्णव टक्के

ज्ञान मुक्त झालं की माणूस मुक्त होतो, हे आता साऱ्या जगाने मान्य केलं आहे. डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावर हे मुक्त ज्ञान लडकूच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात उतरतं, कारण रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते.

लडकूची मुलगी रविना शहापूरच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आली होती. ठाण्याच्या एका कंपनीने परीक्षा म्हणून तिला एक प्रोग्रॅम लिहायला दिला होता. तो चालवायचा आणि आलेल्या उत्तरासकट शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर सोमवारपासून पाड्यावरच्या इतर मुलींबरोबर टेम्पोत बसून पडघ्याच्या गोदामात खोकी चिकटवायला जायचं. टेम्पोवाल्याने तिची जागा आधीच धरून ठेवली होती. त्याचा या बाबतीतला अनुभव दांडगा होता.

प्रोग्रॅम लिहून झाला होता, पण तो चालायला एक लायब्ररी लागत होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली कामं, आपण नुसती हाक मारायची. बाकीच्या जगाला ती तयार मिळते. रविनाचा लॅपटॉप तिसऱ्या मालकाकडे आलेला, आणि इतक्या जुन्या यंत्रांसाठी तयार माल बनवणं जगाने सोडून दिलं होतं. मूळ मजकूर उतरवून घ्यायचा आणि लायब्ररी घरीच बांधायची, एवढाच मार्ग होता.

"म्हंजे दुकानात तांदूळ नाय, भात आणून घरी कांडायचा," आई देवकी म्हणाली. कॉलेजात तीन वर्षांत हे इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी पहाटे पाचला रविनाने कांडण सुरू केलं. पडद्यावर टक्के चढू लागले. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. वायर निघाली की खेळ खलास. व्होल्टेज पडू नये म्हणून शेजारच्या धाऊने आपली भाताची गिरणी दिवसभर बंद ठेवली. येणारा-जाणारा खिडकीतून चौकशी करी.

"किती झालं गो?"

"चाळीस."

"मंग पास झालीस की!"

अडीचला एक्क्याण्णव टक्के झाले, आणि पलीकडच्या घरात ठमी म्हातारी वारली.

पाडा सगळा एका भावकीचा. मयत उचलेपर्यंत कुणाची चूल पेटत नाही, पेटलेली असली तर विझवायची. लडकूची थोरली बहीण बाईजा घरोघर फिरून प्रत्येक चुलीवर तळहात धरून बघते. लडकूची चूल थंड निघाली. मग तिचा हात लॅपटॉपवर पडला.

"ही तापलेय."

"आत्ये, ती चूल नाय."

"तापतंय, घुरघुरतंय. आत शिजतंय काय?"

"लायब्ररी. तासाभरात होईल गो आत्ये, हात जोडते."

"ठमीलाबी नातीचं लगीन बघायचं व्हतं. थांबली का?"

रविनाने बापाकडे बघितलं. लडकूने धाऊकडे. धाऊने छपराकडे. "गिरणी मी सकाळपासून बंद ठेवलेय," तो म्हणाला. म्हणजे त्याच्या वाटचं करून झालं होतं. देवकीने वायर काढली. बाईजाने लॅपटॉपवर पुन्हा हात ठेवला आणि तो गार होईपर्यंत उचलला नाही.

किन्हवलीहून ठमीचे पाहुणे आल्यावर मयत उचललं. पावणेपाचला पाडा मोकळा झाला. रीतीप्रमाणे घरोघर चुलीतली राख उपसून बाहेर टाकली, चूल सारवली, काडी ओढून नवा विस्तव केला. जुन्या निखाऱ्यावर त्या दिवशी कोणी भाकरी भाजत नाही. त्याला विटाळ असतो. रविना याच घरात वाढलेली. मधेच तोडलेल्या कामाचे एक्क्याण्णव टक्के तिला त्या निखाऱ्यांसारखेच वाटले, भरवसा ठेवू नये असे. तिने आधी झालेलं सगळं पुसायची आज्ञा दिली आणि पहिल्यापासून सुरू केलं. पडद्यावर शून्य आलं.

मग तिने कंपनीला कळवलं, घरी मयत झालं आहे, उद्यापर्यंत मुदत द्यावी. दोन मिनिटांत उत्तर आलं. इतक्या तातडीने तिची आजवर कुणी दखल घेतली नव्हती. कंपनी तिच्या दुःखात सहभागी होती. मुदत सहाचीच होती.

सहाला धाऊ खिडकीशी आला. "किती झालं गो?"

"अकरा."

"मगाशी जास्त व्हतं ना?"

"गिरणी चालू करा, काका," ती म्हणाली, आणि या वेळी वायर तिनेच काढली.

सोमवारी टेम्पो डिझेलसाठी शहापूरला थांबला, तिथे तिला कॉलेजचे साईनाथ सर भेटले. तिने झालं ते सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसत विचारलं,

"पण आधीचं पुसलंस कशाला?"

न पुसता बांधायची आज्ञा नुसती पुन्हा दिली असती, तर काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं असतं, आणि पाच-चाळीसला संपलं असतं.