आज बोलायची पाळी हिल्माची

लॉर्ना मॅकीच्या वर्गात एक नियम होता आणि तो तिनेच केला होता. पालकसभेच्या दिवशी शिक्षिकेने तोंड उघडायचं नाही. मूल शिक्षिकेच्या खुर्चीत बसणार, आपली फाईल उघडणार आणि आईबापांना स्वतःच सांगणार, काय जमतं, काय जमत नाही, काय बदलायला हवं. त्याचं सांगून होईपर्यंत लॉर्ना शेजारच्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन गप्प. सव्वीस वर्षं तिसरीला शिकवलेली बाई गप्प बसते म्हणजे काय, ते तिच्या नवऱ्यालाच विचारावं. त्याने अजून पाहिलेलं नाही.

आजची शेवटची वेळ लाहती कुटुंबाची. ती लॉर्नाने मुद्दाम शेवटी ठेवली होती, आवडीचा घास ठेवावा तशी. कारण खिडकीतली ती बरणी हिल्मा लाहतीसाठी होती. तसं कुणाला सांगितलं नव्हतं, पण होती.

हिल्माचा डावा हात मनगटापाशी संपत होता. जन्मापासूनच. दुसरीत असताना दोन पोरं तिला ‘खेकडा’ म्हणायची. म्हणून सप्टेंबरात, हिल्मा तिसरीत आली तशी, लॉर्नाने काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी धुऊन खिडकीत ठेवली. कुणी कुणासाठी काही चांगलं केलं की चिठ्ठी लिहून तीत टाकायची. शुक्रवारी लॉर्ना त्या मोठ्याने वाचणार. बरणी भरली की सगळ्या वर्गाने रात्रीच्या पायजम्यात शाळेत यायचं. पायजम्यासाठी ही पोरं काय वाटेल ते करतात. बरणी भराभर भरू लागली. ‘खेकडा’ कुठे नाहीसा झाला कळलंही नाही. मुख्याध्यापक दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांना बरणी दाखवायला घेऊन आले, तेव्हा लॉर्ना म्हणाली, “अहो, त्यात काय एवढं!” पण त्या दिवशी तिने ठेवणीतला स्वेटर घातला होता.

पाच वाजता लाहती आले. बाहेर अंधार झाला होता आणि तलावाकडून बर्फ येऊ लागलं होतं. हिल्माचा बाप वेन रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा, त्याला सहाला कामावर हजर व्हायचं होतं. आई क्रिस्टल हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून थेट आली होती.

“आई, बाबा, या माझ्या शिक्षिका, मिसेस मॅकी,” हिल्मा खुर्चीत ताठ बसून म्हणाली.

“ओळख आहे,” वेन म्हणाला. “यांनी मला तिसरीत दोनदा बसवलं.”

लॉर्नाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं.

पहिलं पान अभिमानाचं. नवापर्यंतचे पाढे, आणि स्केटिंगच्या बुटांच्या नाड्या न सुटणाऱ्या गाठीने बांधणं. दुसरं पान अवघड गोष्टींचं. शुद्धलेखन, आणि शेजारी बसणाऱ्या पेटनची बडबड. मग हिल्माने तिसरं पान उलटलं.

“मला काय बदलायला हवंय,” तिने वाचलं. “वर्ग.”

“काय?” क्रिस्टल म्हणाली.

“मला समोरच्या तुकडीच्या वर्गात जायचंय. तिथं बरणी नाही.”

“अगं, पण इथं सगळे तुझ्याशी किती छान...”

“तेच सांगतेय.” हिल्माने पानावर बोट ठेवलं. “सोमवारी पेटनने माझ्या जाकिटाची चेन लावली. मंगळवारी पण पेटननेच लावली. ओवेनने माझा जेवणाचा ट्रे उचलला आणि मला नको असलेला मका पण वाढून घेतला. बुधवारी दोघी माझ्या बुटांवरून भांडल्या. मग एकीने डावा घेतला, एकीने उजवा. तेव्हा मी बुटांत होते.”

वेन फसकन हसला. क्रिस्टलने टेबलाखालून त्याला लाथ घातली.

“थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी बरणी भरायचीय ना, म्हणून घाई चाललीय,” हिल्मा म्हणाली. “मी पाणी प्यायला उठले तरी चार जण उठतात.”

“पण बाळा, मागच्या वर्षी ती पोरं तुला काय काय म्हणायची,” वेन हळूच म्हणाला. “त्यापेक्षा हे...”

“तेव्हा बरं होतं. मी एक ठोसा दिला, विषय संपला. मदत करणाऱ्याला ठोसा देता येत नाही. त्याला थँक्यू म्हणावं लागतं.”

लॉर्नाने तोंड उघडलं.

“मिसेस मॅकी, माझं अजून संपलं नाही.”

लॉर्नाने मिटलं.

“मी पण चिठ्ठी टाकली होती,” हिल्मा म्हणाली. आता तिचा आवाज लहान झाला होता. “ती तुम्ही वाचलीच नाहीत.”

लॉर्नाला चिठ्ठी आठवली. ऑक्टोबरातली. ‘पेटनला दुधाचं खोकं उघडता येत नव्हतं. मी दातांनी उघडून दिलं.’ तेव्हा फ्लूची साथ होती. दातांनी, म्हटल्यावर पालकांचे फोन सुरू झाले असते. हिल्माला बाजूला घेऊन सांगू, असं ठरवून तिने चिठ्ठी खणात सारली आणि विसरली. पण एवढंच नव्हतं. चिठ्ठी वाचताना ती गालात हसली होती. बिचारी, हिलाही मदत करायचीय! ते हसू तिला आता आठवलं. सव्वीस वर्षांत कुणी तिला इतकं नीट समजावून सांगितलं नव्हतं की तिचं कुठे चुकतंय.

“संपलं,” हिल्मा म्हणाली.

लॉर्नाने हात वर केला. हिल्माने थोडा वेळ जाऊ दिला, अगदी लॉर्ना वर्गात घेते तेवढाच.

“बोला, मिसेस मॅकी.”

“चुकलं माझं. बरणी तुझ्यासाठी ठेवली आणि तुलाच विचारलं नाही.” तिने उघड्या पानाकडे पाहिलं. “तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं. पण हे पान तुझं आहे.”

हिल्माने विचार केला. फाईलच्या शेवटी एक ओळ होती, ‘पुढच्या तीन महिन्यांत मी हे सुधारेन’, आणि खाली सहीची जागा. तिने फाईल फिरवून लॉर्नापुढे सरकवली.

“मग लिहा.”

“ही विद्यार्थ्याची जागा आहे गं.”

“माहितेय.”

लॉर्नाने लिहिलं, ‘विचारल्याशिवाय मदत करायची नाही, हे आधी मी शिकेन आणि मग वर्गाला शिकवीन.’

हिल्माने ओठ हलवत ते वाचलं. “नाही म्हटलं तर नाही, हे पण लिहा.”

लॉर्नाने तेही लिहिलं आणि सही केली. “आणि समोरचा वर्ग?”

“पायजम्याच्या दिवसापर्यंत बघते,” हिल्मा म्हणाली.

लॉर्नाने खण उघडला. चिठ्ठी शिसपेन्सिलींच्या डब्याखाली होती, थोडी चुरगळलेली. शुक्रवारी उभी राहते तशी ती उभी राहिली आणि तिने चिठ्ठी त्या तिघांना मोठ्याने वाचून दाखवली. वेनने टाळ्या वाजवल्या.

“दातांनी?” क्रिस्टल ओरडली. “हिल्मा, किती वेळा सांगितलंय तुला!”

चिठ्ठी बरणीत गेली. हिल्मा जाकीट चढवू लागली. चेनचं खालचं टोक तिने डाव्या मनगटाने पोटाशी दाबून धरलं, पण पहिल्यांदा ते बसलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. वेनने घड्याळाकडे पाहिलं. क्रिस्टलचे हात पुढे आले आणि मागे गेले. बुटक्या खुर्चीत परत बसलेल्या लॉर्नाने आपले दोन्ही हात स्वेटरच्या खिशात कोंबले आणि आत मुठी वळल्या. तिसऱ्यांदा टोक बसलं, आणि चेन गळ्यापर्यंत सर्रकन वर गेली.

हिल्माने फाईल छातीशी धरली आणि दाराशी थांबली.

“मिसेस मॅकी, दार उघडाल का? माझ्याकडे फाईल आहे.”

लॉर्ना इतक्या घाईने उठली की बुटकी खुर्चीही तिच्याबरोबर उठली. खुर्ची सोडवून ती दाराकडे धावली.

“थँक्यू,” हिल्मा म्हणाली. “पण याची चिठ्ठी लिहायची नाही हं.”