खवट

एखादा अक्रोड खवट निघाला की दादा तो थुंकून टाकायचा आणि म्हणायचा, "आमच्या धाकटीसारखा आहे." धाकटीची जीभ लहानपणापासून तिखट, म्हणून त्यानं तिचं नावच खवटी पाडलं होतं. ती रागावल्यासारखं करायची, पण "काय गं खवटे" ऐकल्याशिवाय तिला माहेरी आल्यासारखं वाटत नसे.

पुढे दादानं अक्रोड भाजून विकायचं दुकान काढलं आणि धाकटी पाकिटांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागली. पाकिटाच्या आतल्या थरातच असं काही मिसळायचं, की आतल्या पदार्थाचं तेल बिघडू नये, हे तिचं काम. दादाच्या मालासाठी शेवटी दोन गोष्टी उरल्या: ई जीवनसत्त्व आणि लवंगेचं तेल. जीवनसत्त्वाला वास नव्हता, पण ते लवकर दमायचं. लवंगेनं माल दुप्पट टिकत होता.

"टिकेल गं," दादा म्हणाला, "पण अक्रोड अक्रोडासारखाच लागेल ना? आधी माझ्या दोन-चार गिऱ्हाइकांना चाखायला देऊ या."

"तू भाजायचं बघ. वासाचं मला कळतं."

तिनं चाखायला प्रयोगशाळेतलीच माणसं बसवली. कुणालाही लवंग जाणवली नाही. जाणवणार कशी? कितीतरी दिवस त्याच खोलीत ते तेल उघडं होतं, सगळ्यांची नाकं त्याला सरावली होती, तिचंही. एरवी नाकानं कांदे सोलणारी बाई नेमकी नाकानंच फसली.

गिऱ्हाइकांनी पाकिटं परत आणली. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतं, म्हणाली. एकदा उडालेलं गिऱ्हाईक काही परत फिरलं नाही, आणि दुकानाला कुलूप लागलं. दादा दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला जाऊ लागला. धाकटीला तो एका शब्दानं बोलला नाही, आणि तिला तेच सहन होईना. चार शिव्या हासडल्या असत्या तर ती रडून मोकळी तरी झाली असती. त्याचं ऐकलं का नाही, हा प्रश्न काही तिची पाठ सोडत नव्हता.

परवा ती त्याच्याकडे गेली. दादा नुकताच कामावरून आला होता, अंगाला भाजलेल्या अक्रोडाचा वास होता. त्यानं स्वतः चहा केला. तिनं घोट घेतला आणि मुद्दाम तोंड वाकडं केलं.

"चहा केलास की भांडी विसळलीस?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो एक शब्द यावा, एवढंच तिला हवं होतं.

दादानं तिच्या हातातला कप घेतला. "थांब, दुसरा करून देतो," म्हणाला, आणि आत गेला.