भेंडीच्या शेजारचा धणा

मी एक धणा बोलतोय. खरं तर अर्धाच. पडेगावच्या मालनबाईनं पेरणीआधी चपलेखाली रगडून माझ्या दोन फाका केल्या. रीतच आहे ती, राग नाही. त्याआधी वर्षभर मी सर्जेरावभाऊंच्या बियाणांच्या दुकानात होतो. तिथं बडबडीची सवय लागली, सांभाळून घ्या.

शेजारच्या डब्यात भेंडीचं बी. गिऱ्हाईक आलं की भाऊंचा पहिला हात तिच्याच डब्यात. तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांत सलते.

मे महिन्यात कोथिंबीर मिळत नाही, म्हणून मालनबाईनं भेंडीसोबत मलाही नेलं. दोघांना भिजवलं, वेगवेगळ्या फडक्यांत बांधलं आणि मटकीला मोड आणतात तसं चुलीमागं उबेला ठेवलं. तिसऱ्या दिवशी भेंडीला पांढरेशुभ्र मोड!

"लई गुणाची गं बाई," म्हणत मालनबाईनं तिला वाफ्यात नेलं.

आम्ही सहा दिवस तसेच. मला ऊब नको होती, गारवा हवा होता. पण फडक्यातून सांगणार कसं?

"आत्या, टाकून देऊ का?" सून प्रेरणानं विचारलं.

"टाकती कशाला? तवा ठेव. मसाल्यात जातील."

अर्धे धणे तव्यावर गेले. त्यांत माझी दुसरी फाकही होती. भाजलेलं बी पुन्हा उगवत नाही, हे त्या फाकेलाही ठाऊक होतं.

इकडं मालनबाईनं भाऊंना फोन लावला. "भाऊ, मेलेलं बी दिलं व्हय मला?"

"ठेवलं कुठं होतं?"

"चुलीमागं. भेंडीच्या जोडीला."

"अहो मालनबाई, भेंडी उन्हाची लेक, धणा हिवाळ्याचा गडी. या उन्हात तुम्ही तरी सावली सोडता का? रांजणाखाली ठेवा त्याला."

"प्रेरणा! तवा उतरव आधी!"

उरलेल्यांत मी होतो. रांजणाच्या बुडाशी, ओल्या वाळूत ठेवल्यापासून सातव्या दिवशी मला मोड आला.

मग वाफ्यात आलो, तर शेजारी कोण? तीच! आज मी बोटभर, ती गुडघ्याएवढी. येणारा-जाणारा तिचंच कौतुक करतो. पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

पण दुपारी माती तव्यासारखी तापते, तेव्हा तिचं रुंद पान माझ्यावर येतं. मालनबाईनं मुद्दामच मला तिथं लावलंय. तेवढा वेळ मी गप्प बसतो.

मालनबाई, विनंती एकच. माझी जुडी बांधेपर्यंत त्या भेंडीला हात लावू नका. तिच्या काळजीनं सांगत नाही हं.