पांढरी पूड

बेडूक पाळायचे, तेही विषारी म्हणून बदनाम झालेल्या जातीचे, तेही साठीला टेकल्यावर! कवळ्या बनवणाऱ्या साध्यासुध्या माणसाला ही अवदसा कुठून आठवली म्हणाल, तर लेकीच्या एका वाक्यातून. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. बाळ दिवसभर कुणाकडे ठेवायचं? आजी शाळेत शिकवायला जाणार, घरी उरले आजोबा. "बाबा, तुमच्या हाताखाली कुंडीतलं रोपटंसुद्धा जगत नाही," लेक हसत म्हणाली. "आधी काहीतरी जगवून दाखवा."

ती हसली खरी, पण आजोबांच्या ते काळजाला लागलं. त्यांनी हट्टाने सगळ्यात नाजूक जीव आणला. दोन निळे बेडूक, अंगठ्याएवढे. काचेची पेटी, तिच्यात शेवाळ, वाळका पाला, लपायला करवंटी. पेटीत जन्मलेल्या बेडकांच्या अंगात विष नसतं, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं. शेजारी तरीही उंबऱ्यातूनच बोलत.

"अहो, मांजर पाळायचं सोडून हे काय?" आजींनी कपाळाला हात लावला.

"मांजर काय, कुणाकडेही जगतं!"

मग दोन महिने त्या माणसाचा जीव टांगणीला लागला. ऊन वाढलं की पेटीवर ओला पंचा. हवा कोरडी झाली की फवारा. बेडूक पाल्याखाली दडले की हे गुडघे टेकून काचेला नाक लावणार. "गेला वाटतं गं!" असं दिवसातून चारदा. आजी म्हणायच्या, "माझ्या तापात इतकं पाहिलं असतंत, तर मी दुसऱ्या दिवशी उठले असते."

बेडकांना खायला बारीक, न उडणाऱ्या माश्या. त्या बरणीत वाढवायच्या आणि देण्याआधी जीवनसत्त्वाच्या पांढऱ्या पुडीत घोळवायच्या. इथेच माशी शिंकली. आजोबांच्या कामाच्या टेबलावर सगळ्या पुडी एकसारख्या डब्यांत, आणि एकाही डबीवर नाव नाही. "डबीवर नाव लिहितो तो शिकाऊ," हा त्यांचा तोरा. चाळीस वर्षं हाताला कळत होतं. बेडकांची पूडही त्यांनी आणली त्या दिवशीच तसल्या एका डबीत ओतली.

शनिवारी लेक अकरा वाजता बेडूक बघायला आणि बाळाचं ठरवायला येणार होती. घाईघाईत आजोबांनी नऊला माश्या घोळवून पेटीत सोडल्या. बेडकांनी टपाटप तीन-चार टिपल्या. मग आजोबांनी चमचा धुवायला पाण्यात बुडवला, तर फोन वाजला. पाच-दहा मिनिटांनी परत येऊन बघतात तो चमच्यावरची ओली पूड दगडासारखी घट्ट.

प्लास्टर! दातांचे साचे ओतायचं प्लास्टर!

 त्यांनी लगेच दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, उरलेल्या माश्या काढा, भरपूर पाणी फवारा, बेडकांना हात लावू नका. माशीला चिकटली ती चिमूटभरच असेल, पण उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

आजोबांनी एकेक माशी ओल्या कुंचल्याने टिपून काढली. मोठा बेडूक करवंटीवर डोळे मिटून बसला होता. तो रोजच तसा बसायचा का? आता आठवेना.

"हे बघा," आजी हळूच म्हणाल्या, "तोंडाला कुलूप लावा. पोरगी काय बेडकाचं पोट तपासणार आहे?"

अकराला लेक आली. बाळाला आजोबांच्या मांडीवर ठेवून तिने पेटीत डोकावलं, तर धाकट्या बेडकाने नेमकी उडी मारली. "अगंबाई, काय रंग आहे! बाबा, मानलं तुम्हाला. ठरलं तर मग, सोमवारपासून पिल्लू तुमच्याकडे."

आजींनी डोळ्यांनीच दटावलं, आता गप्प बसा. बाळाने आजोबांचा अंगठा मुठीत धरून तोंडात घातला. त्या अंगठ्याच्या नखाकडे त्यांचं लक्ष गेलं. कडेला पांढरं काहीतरी होतं. त्यांनी झटक्यात हात ओढून घेतला, बाळ रडायला लागलं, आणि मग त्यांना राहवेना.

"सकाळी मी त्यांना प्लास्टर चारलं," ते म्हणाले. "डबी चुकली. जगतात की नाही, उद्या कळेल."

 आजी पुटपुटल्या, "झालं! आले सत्यवादी!"

लेकीने बाळाला उचलून घेतलं. थोपटत थोपटत ती टेबलापाशी गेली, एक डबी उघडली, दुसरी उघडली. "दुधाची पावडरही पांढरीच असते, बाबा."

"हो."

"म्हणजे हे बाळाच्या बाटलीतही गेलं असतं."

"गेलं असतं," आजोबा म्हणाले. खोटं बोलायला त्यांच्यापाशी काही उरलंच नव्हतं.

तिने दोन्ही डब्यांची झाकणं लावली. मग म्हणाली, "सोमवारी नाही."

आजोबांनी मान खाली घातली. बरोबरच होतं तिचं.

"उद्याच येते," लेक म्हणाली. "आधी हे टेबल वरच्या खोलीत न्यायचं, दाराला कडी लावायची. आणि सगळ्या डब्यांवर नावं तुम्ही लिहायची, माझ्यासमोर. मगच पिल्लू तुमच्याकडे. आई तर गप्पच बसणार होती, दिसत होतं मला. तुम्ही सांगितलंत." तिने बाळ पुन्हा पुढे केलं. "घ्या. आधी हात धुवा, मग घ्या."