मागे कायम किती वजन?

मिस्त्रींनी पिकअपचा मागचा बंपर दोन्ही हातांनी दाबून सोडला, तशी गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि झोपेतून उठवलेल्या म्हशीसारखी डुलतच राहिली. माझ्या कडेवर ठकी टाळ्या पिटायला लागली. मिस्त्रींना मात्र त्यात कौतुक वाटलं नाही. चाकांचे धक्के झेलणारे चारही शॉक बाद झाले आहेत, म्हणाले. आतलं तेल बाहेर ओघळून नळकांड्यांवर मातीचं लिंपण बसलं होतं.

मला हे आधीच कळायला हवं होतं. आमचं घर डोंगराच्या उतारावर. डांबर संपलं की दगडगोटे, मग कोरडा ओढा, मग आम्ही. त्या ओढ्यात रोज सकाळी ठकी प्यालेलं सगळं दूध फ्रॉकवर परत करायची. तिला पाळणाघरात सोडून मी चष्म्याच्या दुकानात कामाला पोचायचे, त्या आंबूस वासासकट. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायला वाकले की आधी मीच श्वास रोखायचे.

मिस्त्रींचा एकच प्रश्न होता: मागे हौद्यात कायम किती वजन असतं? जड वजनाचे शॉक वेगळे, रिकाम्या गाडीचे वेगळे. आणि त्यांची एक पद्धत होती. मालकाच्या तोंडी सांगण्यावर ते शॉक देत नसत. रोज जशी भरलेली असते तशी गाडी भरून आणायची, मग चाकावरची फट ते स्वतः टेपने मोजणार. "वजनाच्या बाबतीत कुणी खरं बोलत नाही, वहिनी," ते म्हणाले. "गाडीचं असो नाहीतर स्वतःचं."

ह्यांना विचारून सांगते, म्हणून मी निघाले.

हे म्हणजे ठकीचे बाबा. बोअरमधले बिघडलेले पंप वर काढून दुरुस्त करायचा त्याचा स्वतःचा धंदा होता. पंप वर ओढायचं तीन पायांचं लोखंडी तिकाटणं, चेनपुली, पाइप, अवजारांची पेटी, सगळं हौद्यात लादून तो रानोमाळ फिरायचा. मग धंदा बसला आणि लांबच्या एका खाणीत पाणी उपसायच्या पंपांवर त्याला नोकरी मिळाली. एवढा एक हंगाम काढतो आणि येतो, म्हणाला होता. तेव्हा ठकी नीट बसतही नव्हती. आता ती पळते, आणि एका हंगामाला दुसरा जोडला गेला आहे.

आमचं फोनवरचं बोलणं हळूहळू आटत गेलं होतं. जेवलास का, हो. ठकी बरी आहे ना, हो. मग त्याच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकत आम्ही दोघं गप्प.

त्या संध्याकाळी मी शॉक गेल्याचं सांगितलं आणि तो एकदम जागा झाला. एका नळीचे, दोन नळ्यांचे, गॅस भरलेले, तेलाचा वेगळा डबा जोडलेले, काय काय सांगायला लागला. वाकड्यातिकड्या रस्त्यावर तेल कसं तापतं, त्याला फेस कसा येतो, मग शॉक कसा ढिला पडतो. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून फोन केला. मी अंगणात गाडीखाली पाठीवर सरपटले आणि मोबाइलच्या उजेडात बोल्टावरचे आकडे त्याला वाचून दाखवले. बुश फाटलाय का बघ, म्हणाला. बुश म्हणजे कुठला हेच मला माहीत नव्हतं, तर तो हसला. टोकाचा रबर गं, वेडे. वेडे! किती दिवसांनी.

मग मी शंका शिल्लक ठेवायला शिकले. एकदम सगळं विचारायचं नाही. एक आज, एक उद्यासाठी. संपल्या की दुकानातल्या रिकाम्या वेळात नव्या शोधायच्या. मिस्त्री येता-जाता हाक मारून विचारायचे, शॉक घेताय की जावई शोधताय. मी हसून पुढे जायचे. मागच्या सीटवर ठकी ओकलेली असायची. माझ्या एकेका शंकेपायी तिची एकेक न्याहारी वाया जात होती, हे मला कळत होतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींनी गाडी भरून आणायलाच सांगितलं. त्याचं सामान पडून होतं त्या शेडचं मी दार उघडलं आणि शेजारच्या मावशींना मदतीला बोलावलं. तिकाटणं, चेनपुली, पाइप, पेटी. हे कशाला, असं मावशींनी विचारलं. रोज हेच तर असतं, मी म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि पाइपाचं दुसरं टोक उचललं.

उतारावर गाडी अशी दबून, सबुरीने चालली की मला तिची ओळखच पटेना. मागे साखळी तिकाटण्यावर आपटत होती. पूर्वी हाच आवाज ओढ्यापलीकडून आला की मी चहा टाकायचे. ओढा पार झाला, ठकीने एक ढेकर दिला आणि झोपून गेली. मी गिअर बदलायचंही टाळलं.

मिस्त्रींनी चाकावरची फट मोजली. ह्या वजनाला जडच शॉक लागतील, म्हणाले. पण ते लावून गाडी रिकामी चालवली, तर पोरीची आतडी गळ्याशी येतील. आणि रिकाम्या गाडीचे लावून हे सामान लादलं, तर वर्षभरात पुन्हा फुटतील. बटण फिरवून कडक-मऊ करायचे मिळतात, पण आपल्या चिखलात ते बटण जाम होतं. टेप गुंडाळत ते म्हणाले, "भाऊंना विचारा. गाडी कुणासाठी करायची, ते कळलं म्हणजे झालं."

मी टायरांच्या चळतीआड जाऊन फोन लावला. तो लगेच गॅसच्या दाबावर बोलायला लागला.

"ते राहू दे," मी म्हणाले. "ह्यापुढे मागे किती वजन असणार आहे, तेवढं सांग."

तिकडे पंप चालू होते. 

"ठकीला अजून उलटी होते?"

"रोज."

"मग रिकाम्या गाडीचे घे." पुढे म्हणाला, "सामान कुणाला उपयोगी पडत असेल तर बघ."

"बरं."

"बुश नवे घालायला सांग. जुनेच बसवतात."

"बरं."

मिस्त्रींना मी सांगितलं.  त्यांनी हौदा खाली करून सामान भिंतीला लावून ठेवलं. कुणी पंपवाला आला तर दाखवा, मी म्हटलं, आणि पटकन ठकीची टोपी शोधायला लागले. टोपी तिच्या डोक्यावरच होती.

नवे शॉक बसवून परतताना गाडी मऊ चालली. ठकी ओढ्यातसुद्धा बडबडत होती. तिचा फ्रॉक घरी पोचेपर्यंत कोरडा राहिला आणि हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी अंगणात उगाच उभी राहिले. मावशींच्या दाराला कुलूप होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. गाडी कशी चालते, त्याने विचारलं. छान चालते, मी म्हणाले. पुढे विचारायला त्याच्याकडे काही नव्हतं आणि माझ्याकडची शंका संपली होती. पंख्याची घरघर सुरू झाली. मी फोन ठकीजवळ गादीवर ठेवला.

तिने तो उलटासुलटा करून पाहिला. मग तोंडातली दुधाची बाटली काढली आणि फोनला पाजायला लागली. तिकडून तो खोटंखोटं दूध प्यायचा आवाज काढत राहिला, तिचा हात दुखेपर्यंत.