स्वयंपाकघराची भिंत

बायनाबाईनं सोळा वर्षं परभणीत लोकांची घरं बांधली. म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन मिस्त्रीच्या पायाशी विटा आणि माल नेऊन टाकला. दवाखाना झाला, दोन मंगल कार्यालयं झाली, डॉक्टर-वकिलांचे बंगले तर किती झाले ते तिलाही आठवत नव्हतं. त्यामुळं ताडकळसला स्वतःच्या घराचा पाया खोदायला सुरुवात झाली, त्या रविवारी ती सकाळच्या पहिल्याच बसनं उतरली आणि घरी न जाता सरळ जागेवर गेली.

मुलगी निकिता परभणीत नर्सिंगला होती. आधी रोज बसनं ये-जा करणारी बायनाबाई आता तिच्यासाठी तिथंच खोली घेऊन राहायची आणि आठवडाभर एका शाळेच्या इमारतीवर कामाला जायची. नवरा बन्सीधर गावी शेत सांभाळायचा. त्यामुळं घराकडं बघायला तिच्या वाट्याला आठवड्यातला एकच दिवस होता.

दत्तराव मिस्त्री खड्ड्याच्या काठावर तंबाखू मळत उभा होता. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. बायनाबाईनं लुगडं खोचलं आणि खड्ड्यात उतरली. तळाची माती मुठीत घेऊन तिनं दाबली. मूठ उघडली तर लोण्यासारखा काळाभोर गोळा.

"मिस्त्री, मुरूम कुटं हाय?"

"वैनी, तीन फूट बास झाले. सगळं गाव तीन फुटावर उभं हाय."

"मनूनच सगळ्या गावाच्या भिंतीत बोट जातंय. काळी माती पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात फाटती. मुरूम लागेस्तोर खोदा."

दत्तराव हसला आणि त्यानं बन्सीधरकडं पाहिलं. बन्सीधर स्वभावानं भिडस्त. चारचौघांत बायको मिस्त्रीला शिकवतेय म्हटल्यावर तो कानकोंडा झाला. "बगू," एवढंच म्हणाला आणि पायानं ढेकूळ फोडत राहिला. बायनाबाई संध्याकाळच्या बसला बसली, तेव्हा आपलं कुणी ऐकणार नाही असंच धरून चालली होती.

पुढच्या रविवारी ती आली, तर खड्ड्यात बन्सीधरचं फक्त डोकं दिसत होतं. साडेपाच फुटांवर पिवळा मुरूम लागला होता. मिस्त्रीची माणसं जादा खोदायला तयार नव्हती, म्हणून शेतातलं काम आटोपून रोज हा गडी एकटाच टिकाव घेऊन उतरला होता. त्याच्या तळहाताला चिंध्या बांधलेल्या. वर बघून तो म्हणाला, "आता बग तुजी माती."

बायनाबाईनं माती पाहिली नाही. त्याच्या चिंध्या सोडून हाताला तेल लावत बसली.

त्यानंतर घर आठवड्या-आठवड्यानं वर येऊ लागलं. एका रविवारी जोतं झालेलं दिसलं, पुढच्या रविवारी दाराच्या चौकटी उभ्या राहिलेल्या. ती आली की आधी विटांवर पाणी मारायची, मग सगळ्या घरातून एकदा चालायची. इथं कपाट, इथं निकिताचं टेबल, इथं ओटा. छत नसलेल्या खोल्यांत ती दारातूनच आत जायची आणि दारातूनच बाहेर यायची. अर्धवट भिंत ओलांडून जाणं तिला बरं वाटायचं नाही.

पाचव्या रविवारी मात्र स्वयंपाकघरात तिचा पाय अडखळला. भिंत खांद्याएवढी आली होती आणि तिच्या नजरेला काहीतरी खुपत होतं. तिनं दत्तरावच्या पाटीतला ओळंबा उचलला आणि दोरी भिंतीच्या माथ्याला बाहेरच्या अंगानं धरून लोखंडी गोळा खाली सोडला. वर दोरी भिंतीला लागलेली, खाली गोळा दोन बोटं लांब.

"मिस्त्री, भिंत भायेर झुकायली."

दत्तरावनं वळूनही पाहिलं नाही. "गिलाव्यात झाकून जाती, वैनी."

"झाकायला मी घर बांधायले न्हाई. ही उतरवा."

आता मात्र तो फिरला. त्याच्या मागं त्याचे चार मजूर, शेजारचे दोघं-तिघं उभे होते. "तीस वर्षं झाली मला या धंद्यात. तुमी घमेलं उचलणाऱ्या मला ओळंबा दाखवायल्या? लय कळतंय ना? मग तुमीच बांधा!" त्यानं थापी, हातोडी, ओळंबा गोळा केला, मोटरसायकलला किक मारली आणि माणसांसकट निघून गेला.

बन्सीधरनं तीन दिवस दुसरा मिस्त्री शोधला. लग्नसराईच्या आधी सगळ्यांनाच घरं उरकायची होती, मोकळा कुणीच नव्हता. बुधवारी त्यानं फोन केला. "दत्तरावची माफी मागावं का?"

बायनाबाई त्या वेळी शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर विटा चढवत होती. समोर मिस्त्री थर लावत होता. सोळा वर्षं ती हेच बघत आली होती. माल किती पसरायचा, वीट कशी दाबायची, खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही, सगळं तिला पाठ होतं. पण थापीला हात लावला की कुणी ना कुणी म्हणायचं, बाई, ते तुझं काम नाही.

"माफी नगं," ती म्हणाली. "मीच येते."

तिनं मुकादमाला आठवडाभराची सुटी सांगितली, दुकानातून नवी थापी आणि ओळंबा घेतला. तिच्याबरोबर काम करणारी चांगुणाबाई म्हणाली, "तुला माल कोण कालवून देणार? मी बी येते."

गुरुवारी तिघांनी मिळून ती भिंत उतरवली. बन्सीधरनं एकेक वीट खरवडून साफ केली आणि पाण्यात टाकली. मग बायनाबाई थापी घेऊन बसली.

पहिला थर नागमोडी झाला. तिनं तो मोडला. दुसऱ्यांदा माल पातळ झाला, विटा पोहायला लागल्या. तोही मोडला. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती, हसतही होती. दुपारपर्यंत तिचं मनगट सुजलं आणि भिंत होती तिथंच. चांगुणाबाईनं माल कालवता कालवता हळूच विचारलं, "बाई, जमंल का?"

"बगायचं माहीत हाय. हाताला अजून कळंना," बायनाबाई म्हणाली. "कळंल."

तिनं दोन टोकांना दोन विटा लावल्या, दोरी ताणली आणि घाई सोडून दिली. वीट ठेवायची, दोरीला मिळवायची, थापीच्या मुठीनं दोनदा ठोकायची, ओळंबा लावायचा. पुन्हा पुढची. दिवस मावळायला तीन थर झाले. तिन्ही सरळ. शुक्रवारी पाच झाले. रविवारी निकिता आली. आईच्या मनगटाला तिनं पट्टी बांधून दिली आणि मग मोबाईलवर फोटो काढत राहिली. मंगळवारी खिडकीची चौकट बसली. बुधवारी भिंत खिडकीच्या वर, लिंटलपर्यंत पोचली, तेव्हा रस्त्यावर थांबणारं कुणी हसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मोटरसायकलचा आवाज आला. दत्तराव उतरला. कुणाशी न बोलता त्यानं खिशातून आपला ओळंबा काढला. एका टोकाला लावला, मधे लावला, दुसऱ्या टोकाला लावला. खिडकीच्या कडेला लावला. मग गुडघ्यावर बसून खालून वर एक डोळा मिटून पाहिलं. बायनाबाई थापी धूत उभी होती.

"स्लॅब कधी टाकायचा मनताव?" दत्तरावनं विचारलं.

"आधी भिंतीचं सांगा. सरळ हाय का न्हाई?"

"हाय की."

"तुमी गेलात तेव्हा लोकांना ऐकू जाईल असं बोलला होतात, मिस्त्री."

दत्तरावनं रस्त्यावर जमलेल्या माणसांकडं पाहिलं, मान खाजवली आणि एकदम मोकळा हसला. "भिंत सरळ हाय!" तो मोठ्यानं म्हणाला. "माज्या भिंतीपरीस सरळ हाय!"

बन्सीधरनं टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत त्यानं असं काही केलं असेल. मग चांगुणाबाईनं वाजवली, मग रस्त्यावरच्यांनीही.

बायनाबाईनं सुटी वाढवून घेतली आणि उरलेल्या भिंती दोघांनी मिळून बांधल्या. एक कोपरा दत्तरावचा, दुसरा बायनाबाईचा. आणखी तीन रविवार गेले आणि स्लॅबचा दिवस ठरला. त्या दिवशी परभणीहून टेम्पो भरून तिच्या कामावरच्या बाया आल्या. मिक्सर घरघरला, शिडीवर बायांची रांग लागली आणि घमेली हातोहात वर जाऊ लागली. "बायनाबाई, धर!" खालून चांगुणाबाई ओरडली. बायनाबाई आज वर उभी होती, नाकातोंडावर सिमेंट, हातात थापी. कुठं माल कमी, कुठं जास्त, ती वरून सांगत होती आणि दत्तरावची माणसं मुकाट्यानं ऐकत होती. दुपारी तीनला शेवटचं घमेलं पडलं. बायांनी खाली असा गलका केला, की बाजारातली माणसं बघायला आली.

गिलावा, फरशी, दारं होता होता चैत्र उजाडला. वास्तुशांतीला पंगत बसली तेव्हा दत्तरावला स्वयंपाकघरातच पाट मांडला होता. जेवता जेवता तो भिंतीला पाठ टेकून म्हणाला, "वैनी, पुढच्या महिन्यात जिंतूरला एक काम धरलंय. मोठं हाय. येता का?"

"घमेलं उचलायला?"

"न्हाई वो. मिस्त्री मनून. एक कोपरा तुमचा."

बन्सीधर वाढता वाढता थांबला आणि बायकोकडं बघू लागला. बायनाबाईनं दत्तरावच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली.

"येते," ती म्हणाली. "पण चांगुणाला बी थापी द्यायची. आन् पाया किती खोदायचा, ते मी सांगणार."